वादापासून वर्तनाकडे : मराठी ख्रिस्ती जीवनातील निष्ठा आणि साक्ष (१८३९–१९३७)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा इतिहास बहुधा दोन प्रकारच्या साधनांच्या आधारे लिहिला गेला आहे. एक म्हणजे मिशनांचे वार्षिक अहवाल आणि दुसरे म्हणजे धर्मवादाचे ग्रंथ. अहवालांमध्ये शाळा, दवाखाने आणि बाप्तिस्म्यांची मोजदाद आढळते. वादग्रंथांमध्ये खंडन आणि मंडन. या दोन्ही साधनांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि बाप्तिस्मा घेतलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी कोणाच्या हातचे पाणी प्यायली, कोणत्या पंक्तीला बसली, तिच्या पत्नीने वा आईने तिला घरात घेतले की नाही, आणि ज्या श्रद्धेसाठी तिने हे सारे पत्करले ती श्रद्धा तिने शेजाऱ्यापर्यंत कशी नेली, या प्रश्नांची उत्तरे त्यांतून क्वचितच मिळतात.

ख्रिस्ती परिभाषेत ‘साक्ष’ हा शब्द श्रद्धेच्या प्रकट उच्चाराला लावला जातो. न्यायालयातील साक्षीप्रमाणे येथेही पाहिलेले व अनुभवलेले सांगणे अभिप्रेत असते; पण सांगणाऱ्याचे वर्तन विश्वसनीय नसेल तर साक्ष टिकत नाही. त्यामुळे निष्ठा आणि साक्ष या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्या शतकाचा आरंभ या काळात मराठी ख्रिस्ती व्यक्तींनी ही सांगड आपल्या दैनंदिन जीवनात कशी घातली आणि त्यासाठी कोणती किंमत मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. पंडिता रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक ही यातील प्रमुख उदाहरणे आहेत. साक्षीचे खरे क्षेत्र व्यासपीठावरून क्रमाक्रमाने घरात आले आणि त्याबरोबर तिचे स्वरूपही बदलले, असे येथील प्रतिपादन आहे.

वादाचे युग

अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे केंद्र उघडले. त्याच वर्षी मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात जाहीर धर्मवाद झाला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेला वादविवाद पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. या वादांनी मराठी गद्याला तर्कशुद्ध मांडणीचे वळण लावले, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करणे आणि त्याचे मन वळविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वादाने धर्मांतरे फार झाली नाहीत. जी झाली त्यांचे परिणाम मात्र थेट घरांवर झाले.

१८३९ मध्ये मुंबईत धनजीभाई नौरोजी आणि होर्मसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि विल्सन यांच्या शाळेतून पारशी मुले काढून घेण्यात आली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला व जेवला होता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे अशी भूमिका बाळशास्त्री जांभेकर यांनी घेतली आणि त्याबद्दल त्यांना सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. या प्रकरणाचा बारकाईने विचार केल्यास असे दिसते की, समाजाच्या दृष्टीने धर्मांतराची खरी सीमारेषा बाप्तिस्म्याच्या पाण्यापेक्षा अन्नाच्या पंक्तीत होती. श्रद्धा बदलली की नाही, हे कोणी विचारले नाही; कोणाबरोबर अन्न घेतले, हे मात्र सर्वांनी विचारले.

१८५० च्या २१ व्या अधिनियमाने धर्म बदलल्यामुळे किंवा जात गेल्यामुळे वारसाहक्क नष्ट होणार नाही अशी तरतूद केली. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने त्याग केल्यास धर्मांतरिताला विवाहविच्छेद मागण्याची वाट मोकळी केली. या दोन कायद्यांनी मालमत्ता आणि विवाह यांचे प्रश्न सोडविले असे कागदोपत्री म्हणता येईल. तथापि आईच्या स्वयंपाकघरात प्रवेश मिळवून देणारा कायदा अस्तित्वात नव्हता, आणि तो असूही शकत नव्हता. कायद्याची मर्यादा जेथे संपते तेथून निष्ठेचा प्रश्न सुरू होतो.

शारदा सदन : उघड्या दाराचा प्रश्न

पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. संस्कृत विद्येत पारंगत असलेल्या या विदुषीचे ख्रिस्ती होणे महाराष्ट्राला धक्कादायक वाटले. त्यांना ख्रिस्ती करणाऱ्या मंडळींनाही लवकरच दुसरा धक्का बसला. रमाबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता. चर्चच्या प्रत्येक सिद्धांताचा व अधिकाराचा स्वीकार त्यांनी केला नव्हता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी आपल्या विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य निक्षून मांडले. त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रूसावरील लॅटिन अक्षरांच्या जागी संस्कृत शब्द असावेत असा आग्रह त्यांनी धरला. बाहेरून क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टींचा अर्थ गंभीर होता. ख्रिस्तनिष्ठा म्हणजे इंग्रजी चालीरीतींची निष्ठा नव्हे, हे रमाबाईंनी ताटातील अन्नापासून सिद्ध करण्यास आरंभ केला होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. विधवांच्या शिक्षणासाठी असलेल्या या संस्थेला अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचे अर्थसाहाय्य होते आणि संस्थेत कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही, असे धोरण ठरलेले होते. न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळावर होते. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा विवाह १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. पुढे त्या आनंदीबाई कर्वे या नावाने परिचित झाल्या. सदनाच्या कार्याचे हे एक उज्ज्वल फलित होय.

त्याच वर्षी मात्र वाद विकोपास गेला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, त्या वेळी दार बंद नसे आणि काही मुली तेथे येऊन बसत. रमाबाईंचे म्हणणे असे की, हिंदू मुलींना आपला धर्म पाळण्याची पूर्ण मोकळीक आहे. त्याच न्यायाने मला माझा धर्म पाळण्याची मोकळीक असली पाहिजे आणि मी माझी प्रार्थना चोरून करणार नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, निराधार बालविधवा जिच्या आश्रयावर अवलंबून आहेत, तिच्या नुसत्या उदाहरणाचाही त्यांच्यावर दाब पडतो. म्हणून अशा ठिकाणी उघडे दार हेच धर्मशिक्षण होय. ‘केसरी’ने सदनावर कठोर टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या वादाकडे केवळ सुधारक विरुद्ध सनातनी या चौकटीतून पाहिल्यास त्यातील मूळ प्रश्न हातून निसटतो. दैनंदिन जीवनातील साक्ष ही उपदेशापेक्षा सौम्य असते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु उपदेश नाकारता येतो, वर्तनाचा प्रभाव मात्र नकळत पडतो. जो सत्तेच्या वा आश्रयाच्या स्थानी आहे त्याच्या मूक वर्तनालाही वजन असते. रमाबाईंच्या विरोधकांनी हा मुद्दा ओळखला होता, हे त्यांच्या पक्षपातीपणाचा विचार करूनही मान्य करावे लागेल. उलटपक्षी, श्रद्धेचे आचरण भिंतीआड लपविण्याची अट घालणे म्हणजे धर्मस्वातंत्र्य केवळ नावापुरते देणे होय, हा रमाबाईंचा मुद्दाही तितकाच सबळ होता. दोन्ही बाजूंना सत्याचा अंश होता म्हणूनच हा वाद तडजोडीने मिटला नाही.

१८९६–९७ च्या दुष्काळानंतर रमाबाईंनी केडगाव येथे मुक्ती सदन उभारले व त्याचे ख्रिस्ती स्वरूप उघडपणे जाहीर केले. संदिग्धता टाळण्याचा हा त्यांचा मार्ग होता. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. भाषांतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. त्याच्या छपाईचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले. ज्या स्त्रियांना अक्षरओळख वर्ज्य होती त्यांच्या हातांनी धर्मग्रंथाचे खिळे जुळविले जाणे, ही साक्षीची एक वेगळीच पद्धत म्हणावी लागेल.

टिळक दांपत्य : एका घरातील दोन निष्ठा

रेव्हरंड टिळकांच्या धर्मांतराचा आरंभ कोणत्याही वादसभेत झाला नाही. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अपरिचित युरोपियन गृहस्थाने त्यांच्याशी काव्याविषयी गप्पा मारल्या आणि निरोप घेताना ‘नव्या करारा’ची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचनाच्या वाचनाने टिळकांचे मन पालटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई या कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. पतीच्या बाप्तिस्म्याने त्यांच्यावर आकाश कोसळले. सुमारे पाच वर्षांचा विरह त्यांनी पंढरपूर आणि अन्य ठिकाणी नातलगांच्या आश्रयाने काढला. पती जिवंत असून संसार नाही, लहान मूल पदरात आणि समाजाची नजर सदैव रोखलेली, अशी ती अवस्था होती. टिळकांनी या काळात दुसरा विवाह केला नाही. लक्ष्मीबाईंच्या पतीकडे परतण्यामागेही धर्माचे आकर्षण नव्हते. पती-पत्नीचे नाते धर्मभेदाने संपत नाही ही त्यांची धारणा होती.

लक्ष्मीबाई परतल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांनी स्वतंत्र स्वयंपाक केला, सोवळेओवळे पाळले आणि टिळकांनी त्यात आडकाठी केली नाही. ज्या पुरुषाने आपल्या मतासाठी आप्तांचा त्याग पत्करला होता त्याने पत्नीवर ते मत लादले नाही. त्या काळी धर्मांतरितावर आपले कुटुंबही ख्रिस्ती करून आणण्याची अपेक्षा असे. ती अपेक्षा टिळकांनी पत्नीच्या स्वातंत्र्यापेक्षा मोठी मानली नाही. अर्थात टिळकांना आदर्श पती ठरविण्याचे कारण नाही. त्यांचा तापट स्वभाव, घरात पैसा न टिकणे, न सांगता निघून जाणे यांचे चित्रण लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये विनोदाच्या अंगाने पण कोणतीही भीड न ठेवता केले आहे. त्यामुळेच त्यांच्या ग्रंथाची साक्ष विश्वसनीय ठरते.

लक्ष्मीबाईंच्या स्थित्यंतराचा क्रम विशेष लक्षणीय आहे. प्रथम ख्रिस्ती सिद्धांत पटले, मग बाप्तिस्मा झाला आणि अखेरीस जात सुटली, असे झाले नाही. प्रथम जात सुटली. जातींचे भेद ईश्वराने निर्माण केले की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घोळविला आणि ते मनुष्यनिर्मित आहेत असे ठरल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्न घेण्याचा निश्चय केला. हा निश्चय त्यांच्या दृष्टीने सर्वांत अवघड होता; त्यानंतरचे सारे तुलनेने सोपे गेले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणात समाजाने जी सीमारेषा आखली होती तीच लक्ष्मीबाईंनी ओलांडली. फरक इतकाच की त्यांनी ती कोणाच्या आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या विचाराने ओलांडली.

पुढील काळातील टिळकांचे घर म्हणजे अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे व कवी यांचे आश्रयस्थान होते. बालकवी ठोंबरे हे काही काळ त्यांच्या अहमदनगर येथील घरी कुटुंबातील एक म्हणून राहिले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे टिळकांच्या वात्सल्यात उणेपणा आला नाही. प्लेगच्या काळात लक्ष्मीबाईंनी रुग्णांची शुश्रूषा केली. साक्षीचे मोजमाप बाप्तिस्म्यांच्या संख्येने करावयाचे असेल तर या घराचा हिशेब फारसा भरणार नाही. पण मराठी समाजाच्या मनातील ख्रिस्ती माणसाविषयीचा परकेपणा कमी करण्यात या घराचा जो वाटा आहे तो कोणत्याही अहवालात मावणारा नाही.

अभंग, कीर्तन आणि ‘देवाचा दरबार’

श्रद्धा दुसऱ्यापर्यंत न्यावयाची तर ती त्याच्या भाषेत नेली पाहिजे, याची जाणीव मराठी ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोमंतकात रोमन लिपीत छापले गेले. त्याचा छंद मात्र ओवीचा होता. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती मंडळींनी एकोणिसाव्या शतकात कीर्तनाचा स्वीकार केला. टिळकांनी या धारेला अभंगाची जोड दिली. इंग्रजी चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांची भजने प्रार्थनामंदिरांत आली आणि तेथून घराघरांत गेली. दळताना, मुलाला झोपविताना वा आजाऱ्याच्या उशाशी म्हणता येते ते गीतच दैनंदिन निष्ठेला बळ देते. ज्ञानेश्वर-तुकारामांचे ऋण टिळकांनी उघडपणे मान्य केले. त्यांच्या मते ख्रिस्ताकडे येताना संतांकडे पाठ फिरविण्याची गरज नव्हती.

१८४२ मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. १९१७ मध्ये ते मिशनच्या वेतनी सेवेतून मुक्त झाले, त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी त्यात एकत्र यावेत अशी ही योजना होती. वेतन घेऊन धर्म सांगणाऱ्याच्या शब्दाविषयी श्रोत्याच्या मनात शंका राहते, आणि भारतीय समाजात अपरिग्रही माणसाच्या शब्दाला मान असतो, हे ओळखून उचललेले ते पाऊल होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाल्याने प्रयोग अपुरा राहिला. बाप्तिस्म्याविना शिष्यत्व ही कल्पना अनेक ख्रिस्ती मंडळींना मान्य होण्याजोगी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. विवाहानंतर लिहावाचावयास शिकलेल्या स्त्रीने पतीच्या महाकाव्याचा बहुतांश भाग रचावा, ही घटना मराठी वाङ्मयात असाधारण आहे. १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ला सर्व धर्मांच्या वाचकांनी आपले मानले. त्यात धर्मप्रसाराचा अभिनिवेश नाही. तरीही एका ख्रिस्ती स्त्रीची श्रद्धा इतक्या मराठी घरांत अन्य कोणत्याही ग्रंथाने पोहोचविली नसावी.

गावकुसाबाहेरील निष्ठा

येथवर उल्लेखिलेल्या बहुतेक व्यक्ती उच्चवर्णीय आहेत. त्यांनी लेखन केले, म्हणून त्यांचा इतिहास उपलब्ध आहे. परंतु अहमदनगर व आसपासच्या भागांतील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग महार व मांग जातींतून आला होता. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी आत्मचरित्रे लिहिली. दुष्काळाच्या काळात ख्रिस्ती झालेल्यांवर पोटासाठी धर्म बदलल्याचा आरोप झाला. भुकेल्याच्या निर्णयात भूक असणारच. तथापि दुष्काळ सरल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या त्या श्रद्धेत राहिलेल्यांच्या निष्ठेचा उलगडा केवळ धान्याने होत नाही.

ब्राह्मण धर्मांतरिताने जात गमावली. महार धर्मांतरिताची जात गावाच्या दृष्टीने गेलीच नाही. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. ग्रामदेवतेच्या उत्सवातील परंपरागत काम करावे की नाही, मेलेले ढोर ओढावे की नाही, रविवारी उपासनेस जावे की गावकीचे काम करावे, असे ते प्रश्न होते. नकार दिल्यास बलुत्यावर गदा येई. शिवाय चर्चमध्ये आल्यावर जातिभेद पूर्णपणे मिटला असेही घडले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा व १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. निष्ठेची किंमत ही केवळ एकोणिसाव्या शतकातील गोष्ट नव्हती, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी की, मराठी प्रदेशात श्रद्धेची कसोटी तत्त्वचर्चेत नव्हे तर अन्न, पाणी आणि नातेसंबंध यांत लागली. म्हणून या इतिहासाचे साधन म्हणून घरगुती लेखनाला, विशेषतः स्त्रियांच्या आत्मकथनांना, अहवालांइतकेच स्थान दिले पाहिजे. दुसरी अशी की, वर्तनातून दिलेली साक्ष आपोआप निरुपद्रवी ठरत नाही. शारदा सदनाच्या वादाने आश्रयदाता आणि आश्रित यांच्यातील विषमतेचा जो प्रश्न उपस्थित केला, तो आजच्या शाळा, वसतिगृहे व रुग्णालये चालविणाऱ्या कोणत्याही धर्माच्या संस्थेलाही विचारता येण्याजोगा आहे. तिसरी अशी की, या प्रश्नाचे एक उत्तर टिळकांच्या घरात सापडते. तेथे एका व्यक्तीची निष्ठा दुसऱ्या व्यक्तीच्या निष्ठेला जागा देऊन उभी राहिली. लक्ष्मीबाईंना वेगळी चूल मांडण्याचे स्वातंत्र्य होते, म्हणूनच पुढे ती चूल त्यांनी स्वतःच्या निर्णयाने मोडली, आणि म्हणूनच त्यांचा तो निर्णय साक्ष म्हणून मोलाचा ठरला.